आधी हवा तपासा, मग पंपाला हात लावा!

जुनी डिझेल पिकअप न्यूट्रलला थडथडायला लागली की गॅरेजवाल्यांचं ठरलेलं: आयडलिंगचा स्क्रू पिळायचा, नाहीतर थेट 'पंप उतरवा', म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा मुख्य पंप. अहो, आधी डिझेलची लाइन हवा घेतेय का ते तरी बघा! टाकीपासून फीड पंपापर्यंत (मुख्य पंपाला डिझेल देणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं. तिथे पाइपला चीर पडली तर डिझेल गळेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं, म्हणून कुणी तिकडे बघतच नाही! फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे दिसतील. आणि बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) जुने, चेपलेले तांब्याचे वॉशर परत बसवणं बंद करा, तिथूनही हवा शिरते. कितीशी किंमत असते त्यांची?

हवा नसेल तर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) पाइपचा नट जरासा सैल करा. (फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाला, कॉमन रेलला, म्हणजे नव्या गाड्यांच्या फार जास्त दाबाच्या यंत्रणेला, अजिबात नाही. चष्मा लावा, हात लांब ठेवा, ती धार कातडीत घुसते.) इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलिंडर ठीक. फरकच पडला नाही तर दोष तिथेच: नोझल, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एवढं न बघता पंपाचं बिल गाडीमालकाच्या माथी का मारता?