कसोटीचा स्पिनर तक्त्यातून निवडता येत नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोलकाता आणि गुवाहाटी या दोन्ही कसोटी जिंकून भारताला घरच्या मैदानावर २-० ने हरवलं. तेव्हापासून एक तक्ता मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. दादरच्या कट्ट्यावर तो दाखवला जातो, लोकलच्या डब्यात त्यावरून आवाज चढतात. एका रांगेत स्पिनरांची नावं, दुसऱ्या रांगेत विकेट, तिसऱ्या रांगेत सरासरी, म्हणजे एका विकेटमागे दिलेल्या धावा. खाली चार मुद्दे. पहिला, कारकिर्दीची सरासरी ज्याची कमी तो संघात. दुसरा, भारतातल्या विकेट धरूच नयेत, त्या खेळपट्टी देते. तिसरा, बॅटिंग येणाराच स्पिनर घ्यावा, नुसता बॉलर परवडत नाही. चौथा, रणजीत सगळ्यात जास्त विकेट काढणाऱ्याला थेट कसोटीची टोपी द्यावी. आपल्या मुंबईत हा चौथा मुद्दा कसोटी कधीच न मिळालेल्या पद्माकर शिवलकरांचं नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही.

पहिले तीन मुद्दे मला साफ चुकीचे वाटतात. चौथ्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

सरासरीपासून सुरुवात करू. त्यासाठी वानखेडेवरचीच २०१२ सालची इंग्लंडविरुद्धची कसोटी घ्या. भारताने तीन स्पिनर खेळवले होते: अश्विन, हरभजन आणि प्रग्यान ओझा. इंग्लंडकडे स्वान आणि माँटी पानेसर. कारकिर्दीअखेरच्या सरासऱ्या मांडल्या तर अश्विन २४, स्वान २९.९६, ओझा ३०.२६, हरभजन ३२.४६ आणि सगळ्यात खाली पानेसर, ३४.७१. तक्त्याच्या नियमाने पाचांतला पहिला वगळायचा बॉलर पानेसर. त्याच पानेसरने त्या सामन्यात ११ विकेट काढल्या, स्वानने ८. भारताच्या २० पैकी १९ विकेट या दोघांच्या. आपल्या तिघांना मिळून ९ मिळाल्या आणि इंग्लंड १० विकेटनी जिंकलं. खेळपट्टी एकच होती आणि ती आपणच मागून घेतलेली होती.

हा योगायोग नव्हता. वानखेडेची माती लाल. तिच्यावर बॉल वळतो तसा उसळतोही. पानेसर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास बॉल टाकत होता, त्यामुळे बॅट्समनला मागे सरकून बॉल पाहून खेळायला सवडच मिळेना. त्याच टप्प्यावर हळू पडलेला बॉल वळला तरी खेळता येत होता, कारण वळून झाल्यावरही बॅट तिथवर न्यायला वेळ उरत होता. पीटरसनचे १८६ आणि कुकचे १२२ त्याच खेळपट्टीवरचे आहेत. पानेसर काही अश्विनपेक्षा मोठा बॉलर नव्हता. त्या मातीवर, त्या आठवड्यात मात्र त्याचा वेग योग्य होता, आणि कारकिर्दीच्या सरासरीत वेगाचं घर नसतं.

याहून मोठी नावं हवी असतील तर शेन वॉर्न घ्या. ७०८ विकेट, सरासरी २५.४१. भारतात खेळलेल्या ९ कसोटींत हीच सरासरी ४३.११. मुरलीधरन ८०० विकेट आणि २२.७२, पण ऑस्ट्रेलियात १२ विकेट आणि ७५.४१. यांना कमी लेखण्याची कुणाची हिंमत नाही, माझीही नाही. पण ज्या आकड्यात कँडी आणि सिडनी, कोलकाता आणि मँचेस्टर एकत्र घोटलेले असतात, तो आकडा पुढच्या गुरुवारी सुरू होणाऱ्या एका कसोटीबद्दल फार थोडं सांगतो.

सरासरी पाहायचीच तर तुलना तरी सारख्याशी करा. त्या बॉलरने खेळलेल्या सामन्यांत दोन्ही संघांच्या बाकी स्पिनरांनी किती धावा देऊन विकेट घेतल्या, आणि याने किती? पहिल्या डावात किती, चौथ्या डावात किती? डावखुऱ्यांना किती बाद केलं, उजव्यांना किती? अश्विन २०० डावखुरे बाद करणारा कसोटीतला पहिला बॉलर ठरला, ही एक ओळ समोरच्या संघात चार डावखुरे असताना त्याच्या एकूण सरासरीपेक्षा जास्त कामाची आहे. तरीही २०२३ च्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, ऑस्ट्रेलियाकडे डावखुऱ्यांची रांग असताना, त्याला बाहेर बसवलं. तो निर्णय मला आजही पटलेला नाही.

स्पिनरचं काम दर वेळी विकेट काढण्याचंच असतं असंही नाही. बापू नाडकर्णींनी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं टाकली, २७ निर्धाव, धावा ५, विकेट शून्य. त्यातली २१ षटकं लागोपाठ निर्धाव. तक्त्याच्या दृष्टीने त्या दिवशी त्यांच्याकडून काहीच घडलं नाही.

आता दुसरा मुद्दा: भारतातल्या विकेट खेळपट्टी देते. हा सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करतो.

डिसेंबर २०२१, पुन्हा वानखेडे. मुंबईत जन्मलेला एजाज पटेल न्यूझीलंडकडून खेळायला आला आणि त्याने भारताच्या पहिल्या डावातल्या दहाच्या दहा विकेट काढल्या, ११९ धावांत. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर असं करणारा तो तिसराच. बिनबाद ८० वरून भारत ३ बाद ८० झाला. आधी गिल, मग पुजारा आणि कोहली एकही धाव न करता. दुसऱ्या डावात आणखी ४ विकेट. आता खेळपट्टीच विकेट देत असेल, तर त्याच संघात विल सॉमरविल नावाचा ऑफस्पिनर होता, तोही त्याच खेळपट्टीवर दोन्ही डावांत बॉलिंग करत होता. त्याला एकही विकेट मिळाली नाही.

फरक कुठे पडतो, ते आकड्यांत शोधू नका. शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर एखाद्या चांगल्या स्पिनरच्या नेटमागे, अंपायरच्या जागेवरून दिसेल असं, दहा मिनिटं उभे राहा. बॉलकडे बघू नका, बॅट्समनच्या पुढच्या पायाकडे बघा. साध्या स्पिनरसमोर तो पाय ठाम पडतो, एक तर पूर्ण पुढे नाही तर सरळ मागे. चांगल्या स्पिनरसमोर पाय उचलला जातो, अर्ध्यात येतो आणि तिथेच अडकतो. बॉल डोळ्यांच्या रेषेच्या वर गेला म्हणून बॅट्समन पुढे निघालेला असतो, आणि बॉल त्याने धरलेल्या जागेच्या वीतभर अलीकडे पडतो. पाय अडकल्यावर बॉल हातभर वळायची गरज उरत नाही. दोन बोटं वळला तरी कड लागते, आणि न वळता सरळ आला तर पॅडवर बसतो. ही अडकवणूक बॉलरच्या खांद्यातून आणि बोटांतून येते. खेळपट्टी तिच्यात भर घालते, तिला जन्म देत नाही.

अश्विनच्या ५३७ पैकी ३८३ विकेट भारतातल्या. त्या खेळपट्टीने दिल्या म्हणायचं, तर त्याच सामन्यांत आलेल्या पाहुण्या स्पिनरांनाही तिने द्यायला हव्या होत्या. २०१३ ते २०२४ या काळात भारताने घरी लागोपाठ १८ मालिका जिंकल्या. पाहुणे स्पिनर त्याच मातीवर बॉलिंग करून मालिका न जिंकताच परत गेले.

या मुद्द्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खेळपट्टी पहिल्या सकाळपासूनच फुटायला लागली, तर चांगल्या आणि साध्या स्पिनरमधलं अंतर कमी होतं. वानखेडेवर २००४ मध्ये मायकल क्लार्कने ९ धावांत ६ विकेट काढल्या. अहमदाबादला २०२१ मध्ये जो रूटने ८ धावांत ५. दोघंही मुळात बॅट्समन. पुण्यात २०१७ मध्ये ओकीफने ७० धावांत १२, तिथेच २०२४ मध्ये सँटनरने १३ आणि पुढच्या आठवड्यात वानखेडेवर एजाजने ११. त्या वानखेडे कसोटीत आपल्या जाडेजानेही १० विकेट घेतल्या आणि तरी भारत २५ धावांनी हरला. तेव्हा आखाडा, म्हणजे अशी फुटणारी खेळपट्टी, बनवल्याने आपल्या स्पिनरांची किंमत फुगते हे उलटं आहे. आखाड्यावर त्यांचा वरचढपणाच बोथट होतो.

कोलकात्यात हेच घडलं. भारत चार स्पिनर घेऊन उतरला. १२४ धावांचं लक्ष्य होतं आणि डाव ९३ वर संपला. आफ्रिकेचा ऑफस्पिनर सायमन हार्मर याने सामन्यात ८ विकेट काढल्या. पुढे गुवाहाटीला, जिथे आफ्रिकेने पहिल्या डावात ४८९ धावा केल्या त्या खेळपट्टीवर, त्याने आणखी ९ घेतल्या. दोन कसोटींत १७ विकेट, सरासरी ८.९४. हाच हार्मर २०१५ मध्ये भारतात येऊन गेला होता आणि त्यानंतर बरीच वर्षं आफ्रिकेच्या संघाबाहेर होता. मधल्या काळात त्याने इंग्लंडमध्ये एसेक्सकडून भरपूर बॉलिंग केली, आणि २०१६ मध्ये तर आपल्या मुंबईत येऊन इथल्या प्रशिक्षकाबरोबर काम करून गेला. कोलकात्याची खेळपट्टी वाईट होती हे मान्य. गुवाहाटीची तशी नव्हती, आणि हार्मर दोन्हीकडे हार्मरच होता.

तिसरा मुद्दा बॅटिंगचा. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात कुलदीप यादव पाचही कसोटी बाहेर बसला. बाजू घेणारे म्हणतात, मँचेस्टरला वॉशिंग्टन सुंदर आणि जाडेजा यांनी नाबाद शतकं ठोकून सामना वाचवला, मग निर्णय बरोबरच होता. ती भागीदारी अप्रतिम होती. लॉर्ड्सला सुंदरने २२ धावांत ४ विकेटही घेतल्या, त्यामुळे त्याला नुसता बॅट्समन म्हणणं अन्याय होईल. पण त्याच मालिकेत हेडिंग्लेला इंग्लंडने शेवटच्या दिवशी ३७१ चं लक्ष्य गाठलं आणि मँचेस्टरला ६६९ धावा चोपल्या. कसोटी जिंकायला २० विकेट लागतात. कुलदीप दर सहा-सात षटकांमागे एक विकेट घेणारा बॉलर आहे. जानेवारी २०१९ मध्ये सिडनीला ९९ धावांत ५ घेतल्यावर त्याला पुढची कसोटी मिळाली ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये चितगावला ४० धावांत ५ घेतल्या, बॅटनेही ४० केल्या, सामनावीर ठरला आणि पुढच्याच कसोटीत बाहेर. आठव्या क्रमांकाच्या तीस धावांसाठी किती वेळा विकेट काढणारा हात बाहेर ठेवायचा? दोन स्पिनर बॉलिंगमध्ये खरोखर तुल्यबळ असतील तेव्हा बॅटिंग पाहा. त्याआधी नको.

चौथ्या मुद्द्याला मी हळुवारपणे हात घालतो, कारण त्यात आपल्या सगळ्यांचं दुखणं आहे. पद्माकर ऊर्फ पॅडी शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ विकेट, सरासरी १९.६९ आणि कसोटी एकही नाही. १९७३ च्या रणजी फायनलमध्ये चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ घेतल्या होत्या. त्या काळी भारताकडून खेळणाऱ्या, शिवलकरांसारख्याच डावखुऱ्या बिशनसिंग बेदींची प्रथम श्रेणीतली सरासरी २१.६९, म्हणून शिवलकर सरस, असं तक्ता सांगतो. हे मला मान्य नाही. बेदींच्या १५६० विकेटांत नॉर्दम्प्टनशरसाठी काउंटीत केलेली बॉलिंग आहे, जगभरातले दौरे आहेत. शिवलकरांवर अन्याय झाला तो बेदी खेळले म्हणून नव्हे. दोन डावखुरे स्पिनर एका संघात बसत नाहीत हा समज तेव्हा कुणी तपासूनच पाहिला नाही, म्हणून झाला. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी ७५० विकेट घेतल्या आणि त्यांचंही तेच झालं. पुढे जाडेजा आणि अक्षर पटेल एकत्र खेळले, जिंकले, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आज हाच प्रश्न मुंबईचे शम्स मुलाणी, तनुष कोटियन आणि विदर्भाचा हर्ष दुबे या स्पिनरांबद्दल विचारला जातो. दुबेने २०२४-२५ च्या रणजी मोसमात ६९ विकेट काढल्या, एका मोसमातला विक्रम. मुलाणी २०२१-२२ मध्ये ४५ विकेटांसह पहिला होता. कोटियन २०२३-२४ मध्ये मालिकावीर झाला आणि अश्विन निवृत्त झाल्यावर ऑस्ट्रेलियाला बोलावला गेला. निवड समितीने यांच्या विकेटांची बेरीज नव्हे, फोड मागवावी. पहिल्या तीन बॅट्समनच्या विकेट किती आणि शेपटाच्या, म्हणजे तळाच्या बॅट्समनच्या, किती? पहिल्या दिवशी, खेळपट्टी पाटा असताना, एका टोकाने सलग किती षटकं टाकली आणि त्यात चौकार किती गेले? सामन्यातल्या दुसऱ्या स्पिनरला त्याच टोकाकडून काय मिळालं? मुंबईचे स्कोअरर षटकागणिक नोंद ठेवतात, हे सगळं त्यांच्या वहीत आहे. मुलाणीच्या बाबतीत ही फोड कुणी मांडली, तर जाडेजानंतरच्या डावखुऱ्या स्पिनरच्या रांगेत तो नेमका कुठे उभा आहे, ते एका संध्याकाळी ठरवता येईल.