कोच कुठे खेळला, एवढ्यावरून मुलीचं कॉलेज ठरवू नका

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या गटांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे. मुलगी सॉकर खेळते आणि एखाद्या छोट्या कॉलेजच्या संघाकडून विचारणा आली आहे, तर आधी तिथल्या कोचिंग स्टाफची माहिती वाचा. हेड कोच व्यावसायिक सॉकर खेळलेला नसेल, असिस्टंट कोच नुकतेच पदवी घेतलेले असतील, कोचकडे कॉलेजातली दुसरीही कामं असतील किंवा मुलींच्या संघाचा कोच पुरुष असेल, तर तो संघ नावापुरता आहे असं समजा आणि पुढे चला.

सल्ला काळजीपोटीच दिला जातो. पण या चाळणीतून चांगली कॉलेजं गळून पडतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

व्यावसायिक खेळण्याची अट आधी बघू. बायका व्यावसायिक खेळणार होत्या कुठे? अमेरिकेतली त्यांची पहिली व्यावसायिक लीग २००१ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि २००३ चा हंगाम संपताना बंद पडली. दुसरी २००९ मध्ये आली, तीही तीन हंगाम चालली. आजची लीग सुरू झाली २०१३ मध्ये. म्हणजे २००४ साली पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी कितीही चांगली खेळत असली, तरी देशात तिच्यासाठी व्यावसायिक लीगच नव्हती. त्या पिढीतल्या बायका आज चाळिशीत आहेत आणि अनुभवी हेड कोच नेमक्या त्याच वयाच्या असतात. जी संधी त्यांच्या काळात अस्तित्वातच नव्हती, तिचा दाखला त्यांच्याकडे मागायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

एमा हेझ यांचं उदाहरण तर या सल्ल्याला थेट छेद देणारं आहे. लंडनच्या या मुलीचं खेळणं घोट्याच्या दुखापतीमुळे किशोरवयातच थांबलं. कोच म्हणून त्या अमेरिकेत आल्या आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहराजवळच्या न्यू रोशेलमधल्या आयोना कॉलेजात मुलींच्या संघाच्या हेड कोच झाल्या. आयोना खेळतं डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, पण कॉलेज छोटंच. फिरत्या सल्ल्याप्रमाणे तेव्हाच्या पालकांनी त्यांच्या नावावर काटच मारली असती. पुढे चेल्सी क्लबच्या महिला संघाला त्यांनी इंग्लंडच्या लीगची सात विजेतेपदं मिळवून दिली आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण. २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक जिंकून देणाऱ्या जिल एलिस याही कॉलेजपुरत्याच खेळल्या, व्यावसायिक कधीच नाही. अनेक विद्यापीठांत असिस्टंट म्हणून काम करत त्या वर आल्या.

त्यामुळे तरुण असिस्टंट दिसले की पाठ फिरवायची, हेही पटत नाही. छोट्या कॉलेजांत यातले बरेच जण ग्रॅज्युएट असिस्टंट असतात. ते मास्टर्स करतात, संघाचं काम करतात आणि त्या बदल्यात बहुधा फी माफ होते. वर्ष-दोन वर्षांत ते जाणार, हे ठरलेलंच असतं. चार वर्षांपूर्वी स्वतः पहिल्या वर्षाच्या खेळाडू म्हणून बेंचवर बसलेली मुलगी तुमच्या मुलीशी ज्या मोकळेपणानं बोलेल, तसं पन्नाशीचा माणूस बोलू शकत नाही. मात्र हेड कोचच दर दोन वर्षांनी बदलत असेल, तर काळजी करा. मागच्या काही वर्षांची नावं बघितली की ते कळतं.

कोचकडे इतर कामं असणं ही डिव्हिजन थ्रीची, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटाची, रीतच आहे. कुणी शारीरिक शिक्षणाचे वर्ग घेतं, कुणी क्रीडा विभागाचं प्रशासन सांभाळतं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, मुली अभ्यासासाठी येतात आणि खेळतात. खेळाचा दर्जा त्यानं पडतो का? मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज बघा. साधारण दोन हजार विद्यार्थी, आणि मुलींच्या संघानं २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पुरुष कोचच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी टाळणार नाही. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक कोच बायका होत्या. कायद्यामुळे मुलींच्या खेळात पैसा आला, पगार आले आणि त्या जागांवर पुरुष येत गेले. आता हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. याची खंत वाटायलाच हवी. पण त्याचा दोष एखाद्या कॉलेजात वीस वर्षं मनापासून शिकवणाऱ्या पुरुष कोचवर टाकता येत नाही. स्टाफमध्ये एक तरी बाई असावी, असा माझा आग्रह आहे, कारण पाळीपासून खाण्यापिण्याच्या तक्रारींपर्यंत बऱ्याच गोष्टी मुली पुरुषाला सांगत नाहीत. उलट बाजूही बघा. शिकागो विद्यापीठाच्या मुलांच्या संघाची सूत्रं २०२२ मध्ये जुलियान सिच यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी संघ डिव्हिजन थ्रीचा विजेता ठरला. मुलांच्या सॉकर संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारी ही पहिली बाई.

या सल्ल्यात एका माणसाचा उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तो म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींकडे बघणारा अॅथलेटिक ट्रेनर. कोचिंग स्टाफच्या यादीत त्याचं नाव बहुधा नसतं, कारण तो आरोग्यसेवेतला प्रशिक्षित माणूस. सॉकरमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या साधारण दोन ते तीन पट आहे, आणि तो तुटला की पुन्हा मैदानात उतरायला बहुधा नऊ महिने ते वर्ष जातं. वीसेक मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा कोच कुठे खेळला हे जरूर विचारा, पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. हा वॉर्मअप रोज होतो का? ट्रेनर किती संघांमध्ये वाटलेला आहे? आणि मुलीच्या डोक्याला मार बसला, तर तिला खेळू द्यायचं की नाही हे कोच ठरवतो की ट्रेनर?