तास भरायचे आहेत

आमच्या चिरंजीवांच्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, डायरीत सेवेचे तास कमी पडत होते आणि रविवारी सकाळी त्यांना फिजिक्सची ट्युशन होती. एवढ्या भांडवलावर मला गटारात उतरवण्यात आलं.

ग्रुपवर सरांचा मेसेज होताच, ‘पालकांचाही सहभाग अपेक्षित आहे.’ असा मेसेज आला की न जाणाऱ्या पालकाचं नाव कुणाच्या तरी वहीत जातं, आणि पोरगा बारावीला असताना कुणाच्याही वहीत नाव जाऊ नये, एवढी अक्कल आम्हाला असते. तर सकाळी सात वाजता मी फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या रस्त्यावर हजर. बेकरीत केक उचलायला वापरतात तसल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या हातमोजे म्हणून वाटण्यात आल्या. माझा उजवा मोजा पहिल्याच बाटलीला फाटला.

चतुर्थी नुकती होऊन गेली होती. मखराचा थर्माकोल, फटाक्यांची खोकी, गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीतल्या कुजलेल्या तोरिंजनाचा वास, आणि या सगळ्याच्या खाली बाराही महिने असणाऱ्या क्वार्टरच्या बाटल्या. देवाचं आणि दारूचं एकाच गटारात इतकं गुण्यागोविंदाने नांदताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

रस्त्याला लागून एक जुनं घर होतं. सोप्यावर बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ, कमरेला पंचा, मांडीवर पेपर. गाव त्यांना मास्तर म्हणतो. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण नजर अजून ड्युटीवर आहे. पोरं गप्पा मारत पुढे गेली होती. मी एकटाच मागे, कारण एक ओला डायपर चिमट्यातून पुन्हा पुन्हा निसटत होता.

“कोणालो रे तूं?”

गोव्यात माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी तो कुणाचा ते. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं, ते पलीकडच्या वाड्यावरचे. मास्तरांनी पेपर बाजूला ठेवला.

“जावई? अरेरे. किती दिवसांची लागली?”

“काय किती दिवसांची?”

“शिक्षा.”

“मास्तर, शिक्षा नाही. समाजसेवा आहे ही.”

“तेच म्हणतोय मी. पेपरात सगळं आलं होतं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू. दंड, कैद वगैरे होतंच, आता समाजसेवा ही पण शिक्षा. बरं झालं. आमच्या वेळी आम्ही पोरांना अंगठे धरायला लावायचो, ते काय वेगळं होतं?” मग आवाज खाली आणून, “पिऊन धिंगाणा घातलास?”

“मी पीत नाही.”

मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गोणीत खणखणणाऱ्या बाटल्यांकडे.

“त्याला चोवीस तास कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. अरे, हजार रुपये भरून मोकळं व्हायचं! कित्याक कचरो काडटा?”

“मास्तर, खरंच तसं काही नाही.”

“मग अब्रूनुकसानी? तिलाही आहे. काय करतोस तू?”

मी म्हटलं, नोकरी करतो, आणि अधूनमधून पेपरात लिहितो.

“हांऽऽ,” मास्तर म्हणाले. इतकं समाधान मी त्यांच्या वयाच्या माणसाच्या चेहऱ्यावर फक्त लाइट परत येते तेव्हा पाहिलंय. “नोकरी सरकारी का?”

“नाही. का?”

“सरकारी नोकरानं बेकायदा धंदा केला तर त्यालाही समाजसेवाच. अर्थात ते कलम नीट लावलं तर पणजीत झाडू मारायला रस्ते कमी पडतील.” ते स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले. मग गंभीर झाले. “मग एकच राहिलं. चोरी.”

“चोरी?”

“पाच हजारांच्या आतली. पहिलाच गुन्हा पाहिजे आणि माल परत केलेला पाहिजे. किंवा त्याचे पैसे. केलास ना परत?”

मी दमलो होतो. वळून पुढच्या पोरांकडे बोट दाखवलं. “मास्तर, ती एवढी पोरं दिसतायत ना? ती काय सगळी चोर?”

“त्यांचं मला ठाऊक नाही. ती हसतायत. तू हसत नाहीस.”

मग मी त्यांना सगळी योजना समजावून सांगितली. २४ सप्टेंबर १९६९, गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष, ३७ विद्यापीठांत एनएसएस सुरू झाली, दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक सात दिवसांचं शिबिर. आमच्याकडे कागदोपत्री सगळं ऐच्छिक आहे, फॉर्म तेवढा एकाच दिवशी अख्ख्या वर्गाकडून भरून घेतला. मास्तरांनी शांतपणे ऐकलं. नंतर हेडमास्तरी उलटतपासणी सुरू.

“तास कोण मोजतो?”

“सर.”

“डायरीवर सही?”

“सरांची. वर शाळेचा शिक्का.”

“नाही आलं तर?”

“सर्टिफिकेट मिळत नाही.”

“मग कोर्टानं आणखी वेगळं काय केलं असतं?”

याचं उत्तर मला तेव्हाही सुचलं नाही, आत्ताही सुचत नाही, आणि राग आहे तो त्याचाच.

माझी मावसबहीण टोरांटोला असते. तिच्या लेकीला तिथे ४० तास सेवा केल्याशिवाय शाळेचा डिप्लोमाच मिळणार नाही. ओंटारिओचा नियमच आहे तसा. अमेरिकेत मेरिलँड राज्याने तर १९९२ सालीच ७५ तासांची अट घातली. म्हणजे हे खूळ काही आमच्या सरांच्या डोक्यातून निघालेलं नाही, याचं मला थोडं बरं वाटलं होतं. फरक इतकाच की भाची वाचनालयात पुस्तकं लावते आणि ती स्वतः जाते, तिची आई जात नाही.

आणि सेवा म्हणजे तरी काय? साडेआठला फ्लेक्स उघडला. त्यावर ‘प्लास्टिकमुक्त गाव’ असं लिहिलं होतं आणि तो स्वतः नखशिखान्त प्लास्टिकचा होता. फोटोसाठी सगळे फ्लेक्समागे उभे राहिले, गोण्या पुढे. फोटो नीट येईना म्हणून एक गोणी जराशी सांडून ठेवण्यात आली, कचरा दिसायला हवा ना. पावणेनऊला सगळे बसमध्ये. डायरीत चार तास.

गोण्या तिथेच राहिल्या. मी सरांना विचारलं, या कोण नेणार? ते म्हणाले, पंचायतीला कळवलंय. रविवारी पंचायतीचं कोण येतं! दुपारी सासुरवाडीला जेवायला म्हणून त्याच रस्त्याने गेलो, तर कुत्र्यांनी दोन गोण्या फाडून थर्माकोल शेतापर्यंत पसरवला होता. सोमवारी कचऱ्याच्या टेम्पोवरच्या बायका तो सगळा पुन्हा वेचणार. त्या रोजच वेचतात. त्यांच्या हातात मोजे असतात की नसतात, कुणी बघत नाही. त्यांचे तास कुणी डायरीत लिहीत नाही, फोटोला बोलावत नाही. मुलांनी त्यांच्याबरोबर आठवडाभर टेम्पोवर फिरावं असं मी पालक सभेत सुचवणार होतो. बायको म्हणाली, तू काही सुचवू नकोस, तुलाच पाठवतील.

माझे चार तास चिरंजीवांच्या खात्यावर जमा झाले नाहीत ते नाहीतच. सर म्हणाले, पालकांचे तास धरत नाहीत, पालकांचं फक्त कौतुक करतात. कौतुक ग्रुपवर आलं, एक अंगठा आणि दोन जोडलेले हात.

संध्याकाळी बायकोच्या मामाचा फोन आला. माझ्याशी बोलले नाहीत, तिलाच मागितलं. ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ नुसतं “नाही हो मामा”, “असं कसं करतील ते” एवढंच ऐकू येत राहिलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला कळेना.

“मामा विचारतायत, घेतलं काय होतं ते तरी सांगा. पाच हजारांच्या आतलं असेल तर ते देतो म्हणतायत. आधी परत करून या, म्हणाले, बाकी मास्तर बघून घेतील.”