ताराबाई १७०७ला संपत नाहीत

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या मंडळींत ताराबाईंचा विषय निघाला की गाडी हमखास औरंगजेबाच्या मरणापाशी थांबते. १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, मुलगा जेमतेम चार वर्षांचा, पंचविशीतल्या राणीने कारभार हाती घेतला, सात वर्षं बादशहाला दमवलं, तो नगरला मेला. आपला ऊर भरून येतो, पुस्तक मिटतं.

अहो, पण बाई त्यानंतर ५४ वर्षं जगल्या!

मला विचाराल तर खरी कादंबरी तिथून पुढे आहे. मुळात ती सात वर्षंसुद्धा आपण नीट वाचत नाही. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे गड बादशहा घेत होता, अनेकदा चक्क किल्लेदाराला पैसे मोजून. त्याची पाठ वळली की मराठे ते परत घ्यायचे, आणि तिकडे मराठी फौजा माळव्यात, गुजरातेत घुसत होत्या. मोगल इतिहासकार खाफीखान शत्रूपक्षाचा, पण त्यालाही कौतुक वाटलं ते बाईंच्या मुलकी-लष्करी कारभाराच्या जाणतेपणाचं. आपल्याला मात्र घोडा, तलवार आणि पानभर संवाद हवेत.

पुढचं बघा. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा बाईंनी त्यांना तोतया ठरवलं. शपथा घेऊनही बाईंचे सेनापती धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूंकडे गेले. मग पन्हाळ्याला वेगळी गादी झाली आणि १७१४मध्ये सवत राजसबाईने मायलेकांनाच कैदेत टाकलं. (कोल्हापुरात आज ताराराणींचा पुतळा दिमाखात उभा आहे, पण गादी पुढे चालली ती सवतीच्या मुलाची. कादंबरीकाराला आणखी काय हवं?)

आणि १७५०! पंचाहत्तरीची म्हातारी रामराजाला, जो आपलाच नातू म्हणून तिने शाहूंनंतरच्या साताऱ्याच्या गादीसाठी पुढे आणला होता, साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद करते, पेशव्यांविरुद्ध सरदार दमाजी गायकवाडांना गुजरातेतून बोलावते. दमाजी हरतात, पकडले जातात, बाई तरीही किल्ला सोडत नाहीत. १७५२मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगतात की रामराजा आपला नातू नव्हेच. पुन्हा तोतया!

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘रणरागिणीची बदनामी करू नका’. दुसरी, ‘घर फोडणारी बाई, तिचं कसलं कौतुक’. दोन्ही मला सारख्याच आळशी वाटतात. गादीसाठी भाऊबंदकी करणाऱ्या पुरुषाला आपण मुत्सद्दी म्हणून मोकळे होतो. बाईने केली की एकतर देव्हाऱ्यात तरी बसवायचं, नाहीतर कैकेयी तरी ठरवायचं. मला त्या हट्टी, हिशेबी, कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या म्हातारीची कादंबरी वाचायची आहे, जी पानिपताची बातमी ऐकूनही त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत टिकली.

कुणी लिहायला घेतली असेल तर कळवा, आगाऊ पैसे भरतो. सहाशे पानं झाली तरी चालतील, फक्त निम्मी १७०७नंतरची असू देत.