चष्मा लावल्याने चाळिशीचा नंबर वाढत नाही

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'चाळिशीत जवळचा चष्मा लावू नका, डोळ्यांना सवय लागून नंबर वाढतो. बायफोकल तर नकोच.' (बायफोकल म्हणजे वरच्या भागात लांबचा आणि खालच्या भागात जवळचा नंबर असलेला चष्मा.) हा मेसेज खरा नाही.

महाद्वार रोडवर चष्म्याच्या दुकानात मी रोज नंबर तपासतो. गोळ्यांची पट्टी हात लांब करून, उजेडाकडे तिरकी धरून एक्स्पायरी वाचू बघणारी माणसं येतात. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी चष्मा लावलेला नसतो, मग सवय लागणार कुठून? वयानुसार डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळचं बघताना पुरेसं फुगत नाही. चष्मा लावा, न लावा, हा नंबर साधारण साठीपर्यंत वाढतोच. टाळून फक्त डोळ्यांवर ताण येतो.

बायफोकल सगळ्यांनाच लागते असंही नाही. लांबचं स्वच्छ दिसत असेल तर वाचायचा साधा चष्मा पुरे. लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असतील तर बायफोकल सोयीची. फक्त जोतिबाच्या पायऱ्या उतरताना मान वाकवून वरच्या भागातून बघा. खालच्या भागातून पायरी धूसर दिसते आणि पाय चुकतो.

मला खरी काळजी वाटते ती अशा मेसेजमुळे तपासणीच टाळणाऱ्यांची. काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार, बहुतेक वेळा सुरुवातीला काहीच त्रास देत नाही, मधुमेहाने पडदा खराब होतो तेही लवकर कळत नाही. अचानक अंधुक दिसलं तर चष्म्याच्या दुकानात नको, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.