खांद्याची सोनोग्राफी: त्या फॉरवर्डला उत्तर

कॉलनीचा ग्रुप, जिमचा ग्रुप आणि चुलतभाऊ अशा तीन वाटांनी एकच मजकूर माझ्यापर्यंत आला. त्याचं सार असं: सोनोग्राफी पोटाची आणि गरोदर बाईची, खांद्याची नस फक्त एमआरआयमध्ये दिसते. रिपोर्टात ‘टिअर’ म्हणजे फाट आली की ऑपरेशन अटळ. इंजेक्शनाने नस सडते. त्यापेक्षा जाणकाराकडून नस बसवून घ्या.

मी नागपुरात रेडिओलॉजिस्ट आहे. खांदे पाहणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे उत्तर.

पहिल्या मुद्द्यामागचा गैरसमज मला कळतो. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक 1994च्या कायद्यामुळे प्रत्येक केंद्रात असतो. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा एक हमाल त्या फलकाखाली बसून मला म्हणाला, “मी चुकीच्या खोलीत तर नाही आलो ना जी?” नव्हता आला. पोटासाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्‌झचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं ध्वनिलहरींचं उपकरण, लागतो, कारण लहरी खोल जायला हव्यात. खांद्याला 10 ते 15चा चालतो. त्या लहरी खोल जात नाहीत, पण बारकावे फार छान दाखवतात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. खांद्याच्या सांध्याला वेढणाऱ्या चार स्नायूंचे, म्हणजे रोटेटर कफचे, टेंडन आणि दंडाच्या बायसेप्स स्नायूचं लांब टेंडन त्वचेपासून फारसे दूर नसतात. निरोगी टेंडन पडद्यावर हातमागावर ताणलेल्या सुतासारखं दिसतं, धाग्याला धागा लागून. पूर्ण फाटलेलं टेंडन ओळखण्यात सरावलेल्या हातातली सोनोग्राफी एमआरआयच्या जवळपास पोचते. अर्धवट फाट मात्र दोघांनाही चकवू शकते.

आणि एमआरआयमध्ये तुम्ही निश्चल पडून असता, इथे मी तुम्हाला हलवतो. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवा म्हटलं की काहींचं बायसेप्सचं टेंडन हाडाच्या खोबणीतून बाहेर घसरताना दिसतं. हात स्थिर असताना ते मुकाट जागेवर बसलेलं असतं. ‘हात उचलताना कट्‌कन होतं’ ही तक्रार म्हणूनच आधी इथे तपासलेली बरी.

फॉरवर्डवाल्याला एक गोष्ट मात्र देऊन टाकतो. सांध्याच्या आतली कूर्चेची कड, म्हणजे लॅब्रम, किंवा हाडाच्या आतलं काही बघायचं असेल तर एमआरआयच हवा. शिवाय सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं. प्रोब जरा तिरका धरला की धडधाकट टेंडनही काळं दिसतं आणि नवखा तिथे ‘टिअर’ लिहून मोकळा होतो. बायसेप्सभोवती पाणी दिसलं की बायसेप्सच बिघडला, हाही घाईचा निष्कर्ष. त्या टेंडनचं आवरण सांध्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे सांध्यातलं पाणी तिथे उतरू शकतं.

‘टिअर म्हणजे ऑपरेशन’ हे वाक्य वाचून मला राग येतो, कारण त्यापायी लोक तपासणीलाच येत नाहीत. साठीनंतर टेंडनला फाट असूनही अजिबात न दुखणारी माणसं पुष्कळ आहेत. आमच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये बादल्या ओतून खांदा धरलेल्या काकूंच्या रिपोर्टात छोटी फाट निघाली, तर ती त्याच दुखण्याची असेल असं नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टर हात तपासून ते ठरवतात आणि बहुतेकदा सुरुवात व्यायामाने होते. उलट, पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर अचानक हात उचलताच येईनासा झाला, तर मात्र थांबू नका. तिथे उशीर महागात पडतो. दंडात एकदम गोळा आला तर बायसेप्सचं लांब टेंडन तुटलेलं असू शकतं. दिसायला भयंकर, पण वयस्कांना त्यासाठी बहुधा ऑपरेशन लागत नाही.

आता इंजेक्शन. स्टेरॉइड थेट टेंडनच्या आत गेलं तर टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतं, ही भीती खरी आहे. म्हणूनच आम्ही ते टेंडनभोवतीच्या आवरणात देतो, सुईचं टोक पडद्यावर बघत. खोबणीत टेंडनशेजारी बारीक रक्तवाहिनीही असते, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर तीही दिसते. बायसेप्ससाठी असं बघून दिलेलं इंजेक्शन अंदाजाने दिलेल्यापेक्षा नेमकं जातं. खांद्याच्या वरच्या बर्सात, म्हणजे घर्षण टाळणाऱ्या पातळ पिशवीत, मात्र अंदाजाने दिलेलंही बऱ्याचदा तेवढाच आराम देतं. तिथे सोनोग्राफीचा आग्रह मी स्वतःही धरत नाही. आराम काही आठवडे ते थोडे महिने टिकतो, त्या अवधीत व्यायाम करायचा असतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, तेव्हा आधीच सांगा. टेंडनमध्ये कॅल्शियम साठलं असेल तर सुईने सलाइन सोडून ते धुऊनही काढता येतं. सिरिंजमध्ये चुना कालवल्यासारखं पांढरं पाणी आलं की पेशंट स्वतःच विचारतो, “हे माझ्या खांद्यात होतं?”

राहिलं नस बसवणं. तिथे बसवण्याजोगी नस नसते. खांदा जखडलेला असेल, आणि मधुमेहींमध्ये तो जास्त जखडतो, तर जोराने पिरगाळून दुखणं वाढतं. मागच्याच महिन्यात असा पिरगाळलेला खांदा माझ्या टेबलावर आला होता. प्रोब लावायला हात बाजूला घ्या म्हटलं, तर त्यांना तेवढाही घेता येईना.