शिकल्याने मेंदूवर नवी सुरकुती पडत नाही

‘काहीही नवीन शिकलात की मेंदूवर एक नवी सुरकुती पडते. सुरकुत्या जितक्या जास्त, तितकी बुद्धी जास्त. आइन्स्टाइनच्या मेंदूवर म्हणूनच सर्वांत जास्त सुरकुत्या होत्या. अभ्यास न करणाऱ्याचा मेंदू गुळगुळीत राहतो.’ मुलांना हुरूप यावा म्हणून हा मजकूर मोठ्या हौसेने पुढे पाठवला जातो. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

पहिलं वाक्य घेऊ. गर्भाच्या साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. मग वरचा, पुढे दोन ते चार मिलिमीटर जाडीचा होणारा थर आतल्या भागापेक्षा वेगाने वाढू लागतो. त्याला पसरायला जागा पुरत नाही, तो दुमडतो आणि खाचा व वळ्या तयार होतात. २०१६ मध्ये संशोधकांनी २२ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूची जेलची प्रतिकृती केली आणि तिचा बाहेरचा थर द्रवात फुगू दिला. तिच्यावर खऱ्या मेंदूसारख्याच वळ्या उमटल्या, तेही काहीही न शिकता! बाळ जन्मतं तेव्हा मुख्य खाचा आपापल्या जागी असतात. बारीक खाचांची वाढ पुढे साधारण दोनेक वर्षं चालते. शिकताना बदल होतो तो चेतापेशींमधल्या जोडण्यांत. त्या बळकट होतात, नव्या बनतात, काही गळतात. वयोमानाने मेंदू आक्रसला की उलट खाचा रुंदावतात, आणि तो काही ज्ञान वाढल्याचा पुरावा नव्हे.

वळ्यांवरून बुद्धी मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात इरॅसिस्ट्रेटस या ग्रीक वैद्याने ती मांडली होती. पुढे रोमन काळातला वैद्य गेलन याने ती खोडून काढताना गाढवाच्या मेंदूकडे बोट दाखवलं: त्यावरही भरपूर वळ्या असतात. डॉल्फिनचा मेंदू तर आपल्यापेक्षा जास्त दुमडलेला आहे. वळ्यांचं प्रमाण मुख्यतः बाह्य थराच्या क्षेत्रफळावर आणि जाडीवर ठरतं. माणसामाणसांत तुलना केली तर वळ्या आणि बुद्धिचाचणीचे गुण यांत काही अभ्यासांना थोडा संबंध दिसतो, पण तो इतका क्षीण आहे की एखाद्याच्या मेंदूचं चित्र पाहून त्याची हुशारी सांगता येणार नाही.

आइन्स्टाइनचा मेंदू १९५५ मध्ये काढून ठेवला गेला. वजन सुमारे १,२३० ग्रॅम, म्हणजे सरासरीपेक्षा थोडं कमीच. १९९९ च्या अभ्यासात पार्श्व भागातली एक मोठी खाच वेगळ्या वळणाची आढळली, नंतर इतर काही भागांची घडणही निराळी असल्याचं मांडलं गेलं. ‘सर्वांत जास्त सुरकुत्या’ कोणी मोजलेल्या नाहीत. शिवाय एका मेंदूवरून नियम कसा काढणार?

त्या मजकुरातल्या शेवटच्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. गुळगुळीत मेंदू ही खरी, जन्मजात अवस्था आहे. गर्भात चेतापेशी आपल्या जागी पोहोचू शकल्या नाहीत तर ती उद्भवते. अनेकदा मूळ जनुकांत असतं. अशा बहुतेक मुलांना झटके येतात, बसणं-बोलणंही अवघड जातं. याच्या उलट, बारीक वळ्यांची अतोनात गर्दी झालेला मेंदूही असतो, आणि त्याही मुलांना अनेकदा झटके आणि विकासातला विलंब सोसावा लागतो. दोन्हींत मुलाच्या कष्टाचा किंवा आळसाचा काडीचाही संबंध नाही. त्यांचे आईवडीलही हा मजकूर वाचतात. निदान ते वाक्य तरी पुढे पाठवू नका.